क्षेमांक एक्केचाळीस

शालनबाई बाबर यांचा क्षेमांक एक्केचाळीस आला आणि त्यांच्या मुलीचा सत्तावन्न. दोन्ही दाखले एकाच सकाळी फोनवर आले. तृप्ती तेव्हा सांगलीच्या रुग्णालयात कामावर होती, त्यामुळे तिनं ते दुपारी डबा उघडताना वाचले. शालनबाईंनी सकाळीच वाचले होते आणि लगेच पुण्याला मुलाकडे पाठवूनही दिले होते. त्यात लपवण्यासारखं त्यांना काही वाटलं नव्हतं.

धीरजचा फोन तृप्तीचा डबा संपायच्या आत आला.

"आईचा आकडा बघितलास?"

"बघितला, दादा."

"मग विषय संपला. सांगलीत तिचा अठ्ठ्याहत्तर आहे. अठ्ठ्याहत्तर सोडून एक्केचाळिसात कोण जातं?"

"संध्याकाळी घरी गेल्यावर बोलू," तृप्ती म्हणाली. तिला चार टेबलांकडे परत जायचं होतं.

चार टेबलं म्हणजे ऑपरेशनची चार टेबलं. तृप्ती भूलतज्ज्ञ होती, वय एकोणचाळीस. पण २०४३ साली सांगलीसारख्या शहरातही रुग्णाला भूल द्यायचं बहुतेक काम यंत्रं करत. शिरेतून औषध किती सोडायचं, श्वास कधी सांभाळायचा, हे यंत्र ठरवी. तृप्ती काचेच्या खोलीत चार पडदे समोर घेऊन बसे आणि काही बिघडलं तर उठून जाई. गेल्या वर्षभरात तिला सात वेळा उठावं लागलं होतं.

आता क्षेमांकाविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून घडलं.

माणसाचं पुढं काय होईल हे कुणालाच सांगता येत नाही. पण लाख माणसांचं काय होईल ते बऱ्यापैकी सांगता येतं. विमा कंपन्या हेच करत आल्या होत्या. क्षेमांकाच्या यंत्रानं एक पाऊल पुढं टाकलं. लाख वेगवेगळी माणसं घेण्याऐवजी ते एकाच माणसाच्या लाख प्रती काढी. तुमची जनुकं, मनगटावरच्या घड्याळानं टिपलेले ठोके, जुने रिपोर्ट, चालण्याची ढब, रस्ता ओलांडण्याची सवय, हे सगळं मिळून तुमची एक आकड्यांतली प्रतिकृती तयार होई. मग ज्या जागी तुम्ही राहणार त्या जागेचीही तशीच प्रतिकृती: पाऊस, रस्ते, चोऱ्या, डास, दवाखाने. त्या जागेत तुमच्या लाख प्रती सोडायच्या आणि दहा वर्षं रोज फासे टाकायचे. आज ताप येतो का, आज पाय घसरतो का, आज कुणी चाकू दाखवतो का. दहा वर्षांच्या शेवटी शंभरातल्या किती प्रती धडधाकट उरल्या, तो तुमचा त्या जागेचा क्षेमांक.

आकडा खोटा नसे, हे सगळ्यांत महत्त्वाचं. पहिल्या पाच वर्षांत त्यानं सांगितलेलं इतकं जुळत गेलं की लोकांनी भांडणं सोडून दिली. धीरजच्या हृदयातली गाठ कुठल्याही डॉक्टरच्या आधी क्षेमांकाच्या घसरणीनं दाखवली होती. तो वेळेवर दाखल झाला म्हणून वाचला. तेव्हापासून त्याचं घर, मुलांची शाळा, ऑफिसला जायचा रस्ता, सगळं आकडा बघून ठरे. आणि तो काही एकटा नव्हता. लग्नाच्या माहितीपत्रकात रक्तगटाखाली क्षेमांक लिहायची पद्धत पडली होती. साठच्या खालच्या जागेसाठी विमा मिळत नसे, आणि विमा नसला की बदली नाकारता येत असे.

तृप्तीला जायचं होतं ते बेट म्हणजे सेंट ऑरेल. कॅरिबियन समुद्रातलं, एकतीस हजार वस्तीचं, बसनं एका टोकापासून दुसऱ्या टोकाला दीड तासात संपणारं. तिथं साठ खाटांचं एक रुग्णालय होतं. एक सर्जन होते, डॉ. जोसेफ, आणि ऑपरेशन थिएटर सांभाळणारी मार्वा नावाची एक सिस्टर होती. भूलतज्ज्ञ नव्हता. तृप्ती दोन वर्षं पडद्यावरून मार्वाला शिकवत होती: हातापायाची छोटी ऑपरेशनं करता यावीत म्हणून ठरावीक नसेजवळ इंजेक्शन कसं द्यायचं, एवढंच.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी, तिकडं सकाळ होती, शिकवणी चालू असताना मार्वाला कुणीतरी हाक मारली. पडदा चालूच राहिला. सव्वीस वर्षांची दिवस भरलेली एक बाई आली होती, रक्त थांबत नव्हतं. डॉ. जोसेफ हात धुऊन उभे होते. सिझेरियनसाठी पाठीच्या मणक्यात भूल द्यायला लागते, आणि ती देणारं बेटावर कुणी नव्हतं. मार्वानं ती सुई कधी हातात धरली नव्हती. तृप्ती पडद्यावरून सांगत राहिली, मार्वानं दोनदा प्रयत्न केला, दोनदा सुई हाडावर अडली. मग बाईला बोटीत घातलं. शेजारचं मोठं बेट तीन तासांवर होतं.

संध्याकाळी मार्वाचा निरोप आला. बोट पोचली होती, बाई आणि मूल पोचलं नव्हतं.

तृप्तीनं त्याच आठवड्यात सेंट ऑरेलच्या आरोग्य खात्याला अर्ज पाठवला. आईला तिनं जेवताना सांगितलं. शालनबाईंनी ताटातली भाकरी संपवली, हात धुतला आणि विचारलं, "मी पण यायचं का नुसती तूच चाललीस?"

"तू येशील?"

"विचारून तर बघ."

शालनबाई एकोणसत्तर वर्षांच्या होत्या. विटा आगारात एकवीस वर्षं त्या एसटीत कंडक्टर होत्या. नवरा गेल्यापासून त्या तृप्तीकडे राहत. जायचं म्हटल्यावर त्यांनी आधी माहिती काढायला घेतली. तृप्तीनं मार्वाशी फोन लावून दिला. मधल्या मधे फोनच भाषांतर करत होता, त्यामुळे दोघी आपापल्या भाषेत बोलल्या.

"पाणी कधी येतं?" शालनबाईंनी विचारलं.

"रोज सकाळी दोन तास. कोरड्या महिन्यांत दिवसाआड. टाकी असलेलं घर बघा."

"चोऱ्या?"

"होतात. गेल्या वर्षी आमच्या गल्लीत दोन झाल्या, त्यातली एक माझ्याकडं. गॅसची टाकी नेली. बंदराच्या मागच्या बाजूला अंधार पडल्यावर मीही जात नाही."

"वादळ?"

"जून ते नोव्हेंबर. दरवर्षी येत नाही, पण येतं तेव्हा पत्रे राहत नाहीत. ओढ्याकाठचं घर कुणी स्वस्तात देतो म्हणालं तरी घेऊ नका. चर्चच्या वर टेकडीवर सिमेंटच्या छपराची चार घरं आहेत, त्यातलं एक मी धरून ठेवते."

"तिथं म्हाताऱ्या बायका दिवसभर करतात काय?"

"सगळं करतात," मार्वा म्हणाली. "बाजारात बसतात, नातवंडं सांभाळतात, भांडतात. माझी आई बहात्तर वर्षांची आहे, अजून मासे विकते."

फोन ठेवल्यावर शालनबाई म्हणाल्या, "खोटं बोलत न्हाई बाई. जाऊया."

आणि मग दाखले आले.

साठच्या खालच्या जागी जायचं तर कोल्हापूरच्या क्षेमांक केंद्रात समक्ष जावं लागे. मे महिन्यातल्या एका सकाळी तिघं तिथं बसले: तृप्ती, शालनबाई आणि पुण्याहून गाडी घेऊन आलेला धीरज. समोर आफळे नावाच्या अधिकारी होत्या. पंचेचाळिशीच्या, सावकाश बोलणाऱ्या.

"मला आकड्याची फोड बघायची आहे," तृप्ती म्हणाली. "आईचा इथं अठ्ठ्याहत्तर, तिथं एक्केचाळीस. सदतीस कुठं गेले?"

आफळेबाईंनी पडदा फिरवला. वादळाचे सहा गेले होते. डेंग्यू आणि इतर आजारांचे पाच. चोरी-मारामारीचे तीन, रस्त्याचे दोन. ज्याची माहितीच मिळाली नाही, त्याचे यंत्रानं सावधपणानं चार कापले होते. उरलेले सतरा एकाच ओळीत होते: तातडीची शस्त्रक्रिया वेळेत न होणे.

"का होत नाही?" तृप्तीनं विचारलं. तिला उत्तर माहीत होतं.

आफळेबाईंनी आणखी एक ओळ उघडली. "भूलतज्ज्ञ शून्य."

"मॅडम, मी भूलतज्ज्ञ आहे. मी तिथं ज्यासाठी चालले आहे, तीच जागा तुम्ही रिकामी धरली आहे."

"यंत्र तसंच धरतं," आफळेबाई म्हणाल्या. "जागा स्थिर, माणूस जाऊन राहणार. एका माणसानं जागा बदलत नाही, असं गृहीत आहे. पुण्याला कुणी गेलं तर ते खरंच असतं."

"सेंट ऑरेलला नाही."

"नाही. तिथं नाही." त्यांनी थोडा विचार केला. "तुम्हाला धरून करून दाखवते. दाखल्यावर येणार नाही, नुसतं बघण्यापुरतं."

दोन मिनिटं लागली. शालनबाईंचा आकडा त्रेपन्न झाला. तृप्तीचा सत्तावन्नच राहिला.

"हिचा का हालला न्हाई?" शालनबाईंनी विचारलं.

"यांच्यावर वेळ आली तर भूल द्यायला कुणी नाही, म्हणून."

धीरजनं तृप्तीकडे बघितलं. "ऐकलंस?"

तृप्तीनं ऐकलं होतं. तिला ते आधीच सुचायला हवं होतं, आणि सुचलं नव्हतं. मग ती म्हणाली, "मॅडम, बेटाचा पाच वर्षांपूर्वीचा आकडा किती होता? तिथल्या एखाद्या डॉक्टरसाठी?"

आफळेबाईंनी शोधला. "सहासष्ट."

"मग?"

"एक वादळ झालं. एकोणसाठ झाला. विमा थांबला, म्हणून आधी भूलतज्ज्ञ गेले, मग स्त्रीरोगतज्ज्ञ, मग आणखी दोघं. त्यानंतर…" त्यांनी पडद्यावर बोट सरकवलं. "त्यानंतर घसरतच गेला."

"म्हणजे आकडा पडला म्हणून डॉक्टर गेले, आणि डॉक्टर गेले म्हणून आकडा पडला. या फेब्रुवारीत तिथली एक अडलेली बाई बोटीत मेली, ती वादळानं मेली नाही, मॅडम. तुमचं गणित बरोबर आहे. पण त्या गणितावर सगळे शहाण्यासारखे वागले म्हणून ती मेली."

आफळेबाईंनी पडदा बंद केला नाही.

"तू जा," धीरज म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "तुझं काम आहे, मी अडवत नाही. आईला नको नेऊस. बाबा गेले तेव्हा मी चार तासांवर होतो आणि पोचलो नाही. आता ही दोन दिवस लांब जाणार. मी सही करणार नाही."

पासष्टच्या वरच्या आश्रिताला साठच्या खालच्या जागी न्यायचं तर सगळ्या मुलांची सही लागत असे. तोवर शालनबाई समोरचा अर्ज वाचत होत्या. त्यांनी चष्मा वर केला.

"ह्यात मला आश्रित का लिवलंय?"

"पासष्टच्या पुढं सगळ्यांनाच तसं लिहितात, आजी."

"मी एकवीस वर्षं घाटात गाडीत उभं राहून तिकिटं फाडली. माझी पेन्शन माझ्या नावावर येती. मी कुणाची आश्रित न्हाई. हा शब्द काढा."

आफळेबाईंनी खुर्ची जवळ घेतली. "काढता येतो. स्वतःचं उत्पन्न असलं तर 'स्वतंत्र' म्हणून अर्ज करता येतो. मग मुलांची सही लागत नाही. पण आजी, नीट ऐका. विमा मिळणार नाही. वादळाआधी सरकार विमान पाठवतं, त्यात तृप्ती मॅडमना कराराची जागा असेल. तुम्हाला नसेल."

"पेन द्या," शालनबाई म्हणाल्या.

"आई," धीरज म्हणाला, "मी नको म्हणतोय तरी?"

"तू नको म्हणालास, ते मी ऐकलं. वाईट वाटतंय मला. पण तुझ्या काळजीपायी मी अठ्ठ्याहत्तरात बसून ऱ्हाणार न्हाई." त्यांनी सही केली. कंडक्टरांची असते तशी, धावत्या गाडीत केल्यासारखी वाकडी सही.

परतताना धीरजनं दोघींना सांगलीला सोडलं. घराखाली उतरताना धीरज म्हणाला, "रक्तदाबाच्या गोळ्या सहा महिन्यांच्या घेऊन जा. तिकडं मिळतील न मिळतील."

दोघी जूनमध्ये बेटावर पोचल्या. चर्चवरचं सिमेंटच्या छपराचं घर मार्वानं खरंच धरून ठेवलं होतं.

पहिले दोन महिने शालनबाईंना त्रास झाला. नीरफणस कसा कापायचा ते कळेना, मक्याच्या पिठाची भाकरी थापताना फुटे, आणि बाजारातल्या बायका इतकं भराभर बोलत की फोनही गोंधळे. तिसऱ्या महिन्यात घरात चोरी झाली. चोरानं तृप्तीचा संगणक नेला आणि प्रेशर कुकरही नेला. संगणक दुसरा आला, कुकर बेटावर मिळाला नाही. शालनबाई दोन दिवस चोराला शिव्या देत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मार्वाच्या आईकडून तिच्या अडगळीतला लोखंडी टोप आणला आणि त्यात डाळ शिजवायला सुरुवात केली. त्या दोघींचं पुढं इतकं जमलं की शनिवारी सकाळी शालनबाई तिच्यासोबत मासळीबाजारात बसू लागल्या. तिकडच्या बसना कंडक्टर नसतात, उतरायचं असलं की लोक खिडकीवर टकटक करतात. हे त्यांना अजिबात पटलं नाही, आणि तसं त्या प्रत्येक प्रवासात ड्रायव्हरला सांगत.

तृप्तीला मात्र कामावरून घरी येताना हात दुखत असल्याचं कळे, आणि ते तिला आवडे. चार महिन्यांत तिनं एकशे सव्वीस रुग्णांना भूल दिली. मार्वा शेजारी उभी राहून शिकली. सप्टेंबरमध्ये मार्वानं पहिल्यांदा मणक्यात सुई घातली, एकाच प्रयत्नात. तृप्ती शेजारी हात बांधून उभी होती.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात वादळाची सूचना आली. छत्तीस तास आधी विमान येणार होतं. तृप्तीच्या फोनवर केंद्राचा निरोप होता: करारानुसार आपली जागा राखून ठेवली आहे. न आल्यास पुन्हा विमान पाठवले जाणार नाही.

रुग्णालयात दोन बायका दिवस भरलेल्या होत्या. एकीचं मूल आडवं होतं. मार्वानं अजून सिझेरियन एकटीनं सांभाळलं नव्हतं. तृप्तीनं निरोपाला 'येणार नाही' असं उत्तर दिलं आणि ती ऑक्सिजनच्या टाक्या मोजायला गेली. आईला जागा नाही, म्हणून ती थांबली, असं धीरजला पुढं वाटत राहिलं. पण आईला जागा असती तरी ती थांबलीच असती.

वादळ दुपारी बाराला लागलं. एका तासात दुसऱ्या वॉर्डाचं छप्पर उचललं गेलं. रुग्ण मधल्या बोळात आणले. त्यातच बंदराकडची माणसं आसऱ्याला येऊ लागली, तीनशेच्या वर. सगळी दारातच थिजून उभी राहायची आणि मागची पावसात भिजायची. शालनबाई दाराशी उभ्या राहिल्या आणि मराठीत ओरडू लागल्या, "पुढं सरका, पुढं सरका, मधी जागा हाय." कुणाला भाषा कळत नव्हती, पण माणसं सरकली. म्हातारी आत, पोरं आयांजवळ, जखमी डावीकडं. चार वाजता आडव्या मुलाच्या आईला कळा सुटल्या. बॅटरीच्या दिव्यात तृप्तीनं भूल दिली, डॉ. जोसेफनी पोट उघडलं आणि मुलगी बाहेर आली. थोड्या वेळानं ती रडली.

तृप्ती बाहेर आली तेव्हा तिला कळलं. वाऱ्यानं मोठं लोखंडी दार आपटलं होतं. शालनबाईंचा उजवा हात मध्ये सापडला होता. कोपराखालची दोन्ही हाडं मोडली होती.

दुसऱ्या सकाळी वारा पडल्यावर हाडांना धातूची पट्टी बसवायचं ठरलं. गळ्याजवळच्या हाडामागं एक नसांचा जुडगा असतो. तिथं औषध सोडलं की सगळा हात बधिर होतो. तृप्तीनं हे हजार वेळा केलं होतं. तिनं सुई उचलली आणि तिच्या लक्षात आलं, की टोक हलतंय. ती थांबली. परत धरली. परत हललं.

"मी देते," मार्वा म्हणाली.

तृप्तीनं सुई तिच्या हातात दिली आणि आईचा डावा हात धरला. मार्वानं एका दमात औषध सोडलं. पाच मिनिटांनी शालनबाई म्हणाल्या, "हात गेला बघ कुठंतरी. सांग डॉक्टरला, कर म्हणावं सुरू."

बेटावर नऊ माणसं गेली. त्यांत शालनबाईंचा रोजचा पाववाला होता, ओढ्याकाठी राहणारा. टेकडीवरच्या घराचं छप्पर राहिलं, पण खिडक्या गेल्या, टाकी फुटली. वीज महिनाभर येणार नव्हती.

चौथ्या दिवशी उपग्रहाच्या फोनवरून धीरजशी बोलणं झालं. त्याचा आवाज बसला होता.

"तिचा आता बावीस आहे," तो म्हणाला. "तू होतीस म्हणून हात वाचला, मान्य. पण तृप्ती, गुरुवारी जहाज येतंय. पासष्टच्या पुढच्या सगळ्यांना नेणार आहेत, विमा असो नसो. एकदा तुमचं चाललं. आता पाठव तिला."

तृप्ती तीन दिवस दोन-दोन तास झोपली होती. आदल्या दिवशी ती त्या लोखंडी दाराजवळून गेली होती आणि तिनं आईच्या डोक्याची उंची दारावर हातानं मापली होती. फोन ठेवल्यावर ती सरळ बंदरावर गेली आणि यादीत नाव लिहून आली: मिसेस शालन बाबर, वय एकोणसत्तर. आईला संध्याकाळी सांगू, असं तिनं ठरवलं. संध्याकाळी एक रुग्ण आला. दुसऱ्या दिवशीही राहून गेलं.

गुरुवारी सकाळी ती आईला शोधत खाली उतरली. जहाज धक्क्याला लागलं होतं. शेजारच्या चौकात पाण्याचा टँकर उभा होता आणि त्यासमोर दीडशे माणसांची रांग. शालनबाई रांगेत होत्या, उजवा हात गळ्यात, डाव्या हातात बादली. मागं मार्वाची आई दोन डबे घेऊन उभी होती.

"आई, जरा इकडं ये."

"नंबर जाईल. इथंच बोल."

"तुला जायचंय. जहाजानं."

"मला कळलंय. काल मार्वाच्या आईनं यादी वाचली." शालनबाईंनी बादली खाली ठेवली. "माझं नाव तू घातलंस?"

"हो."

"मला न इचारता."

"हात मोडलाय तुझा. घरात पाणी नाही. गोळ्या संपत आल्यात."

"कोल्हापुरात ती बाई परकी होती, तृप्ती. तिनं सगळं सांगितलं आणि मग मला इचारलं, सही करता का. तू तेवढंबी केलं न्हाईस."

रांगेतल्या दोघी-तिघी त्यांच्याकडे बघत होत्या.

"मला भीती वाटली," तृप्ती म्हणाली. "तू वीतभर पुढं असतीस, तर ते दार डोक्यात बसलं असतं."

"बसलं असतं. मलाबी भ्या वाटलं. अजून वाटतंय, वारं सुटलं की." शालनबाईंनी चष्मा डाव्या हातानं सारखा केला. "तुला माझी काळजी करायची तर कर, मी न्हाई म्हणत न्हाई. गोळ्या मागव जहाजाकडनं, त्यांच्याकडं असतील. पण कुठं ऱ्हायाचं ते माझं मी ठरवीन. तू यंत्र न्हाईस, आणि असलीस तरी."

धक्क्यावरून कर्ण्याचा आवाज आला. नावं पुकारायला सुरुवात झाली होती. एकेक म्हातारं माणूस, कुणी काठीवर, कुणी मुलाच्या खांद्यावर, फळीवरून वर चढत होतं. त्यांना जायचं होतं आणि ते जात होते. त्यात काही कमीपणा नव्हता.

"मिसेस बाबर," कर्णा म्हणाला.

तृप्तीनं आईकडे बघितलं. शालनबाई टँकरकडे बघत होत्या.

"मिसेस शालन बाबर."

रांग एका माणसानं पुढं सरकली. शालनबाई पुढं झाल्या. तृप्तीनं वाकून बादली उचलली आणि त्यांच्या मागोमाग एक पाऊल पुढं टाकलं.